बिनवाद्यांची सभा

माझ्या लग्नात माझे सासरे सुरुवातीला चर्चच्या बाहेर उभे होते. रुसले नव्हते. आत ऑर्गन वाजत होता, आणि उपासनेत वाद्य वाजत असेल तर तिथे बसायचं नाही हा त्यांचा नियम होता. माझ्या काकांना वाटलं, मानपानावरून काहीतरी बिनसलं. ते घाईघाईने बाहेर गेले. सासरे त्यांना म्हणाले, सगळं उत्तम आहे, वाजवणं संपलं की फक्त सांगा. ऑर्गन थांबल्यावर ते आत आले, पहिल्या रांगेत बसले आणि आमच्या शपथा लक्ष देऊन ऐकल्या. शेवटी आम्ही दोघं बाहेर पडायला निघालो तसा ऑर्गन पुन्हा सुरू झाला, तेव्हा ते आमच्याही पुढे दारापर्यंत पोचले होते. फोटोत ते आम्हाला वाट काढून देत असल्यासारखे दिसतात. पाहुण्यांना तो फोटो फार आवडतो.

हे सगळं मला आधी माहीत होतं. नवरा आणि मी खराडीला एकाच कंपनीत होतो, तो प्रोग्रॅमिंगला आणि मी टेस्टिंगला. लग्नाचं ठरवताना त्याने घरच्या अडचणी सांगितल्या, त्या दोन. एक म्हणजे घर बिबवेवाडीला, खराडीपासून लांब. दुसरी म्हणजे त्याचे वडील.

माझं माहेर कॅम्पातलं, चर्चला लागूनच. माझे वडील ख्रिस्ती कीर्तनात पेटीची साथ करायचे आणि मी शाळेत असल्यापासून रविवारच्या उपासनेला पेटीवर बसत होते. आमच्याकडे ऑर्गन होता, पेटी होती, तबला होता, नाताळात कोणीतरी व्हायोलिनही आणायचं. वाद्यांशिवाय उपासना करणारे लोक पुण्यात आहेत हे मला लग्न ठरेपर्यंत माहीत नव्हतं. फार नाहीत. जे होते ते बहुतेक माझ्या सासरच्या नात्यात होते.

सासरे बघायला आले तेव्हा वडिलांनी मुद्दामच मला वाजवायला बसवलं. सासऱ्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "हात चांगला आहे." मग त्यांनी आपली बाजू मांडली. जुन्या करारात मंदिर होतं, याजक होते, बळी होते, आणि त्यांच्या जोडीला वीणा, झांजा, कर्णे होते. नव्या करारात लोक नुसते गातात. बळी आपण आता देत नाही, मग झांजाच तेवढ्या का ठेवायच्या?

माझे वडील थोडा विचार करून म्हणाले, "आवडतात म्हणून."

"आवडतात हे मला मान्य आहे," सासरे म्हणाले. त्या विषयावर दोन्ही घरांत पुढे कधी बोलणं झालं नाही.

घरी वाजवायला मला पूर्ण मुभा होती. सासरे त्याबाबत पक्के होते : घर म्हणजे घर आणि उपासना म्हणजे उपासना. संध्याकाळी मी पेटी काढली की ते समोर पेपर वाचत बसायचे. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. प्रार्थनेची वेळ झाली की ते पेपराची घडी घालून म्हणायचे, "छान झालं. आता प्रार्थना." मग मी पेटीचा भाता मिटायचा, झाकण लावायचं आणि पेटी पलंगाखाली सरकवायची. नुसतं झाकण लावलेलं त्यांना चालत नसे.

ते वजनमापे खात्यातून निवृत्त झाले होते. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले होते. काटा चुकीचा निघाला की दुकानदार म्हणायचे, साहेब, मुद्दाम नाही केलं. ते ऐकून घ्यायचे आणि शिक्का द्यायचे नाहीत.

त्यांची सभा बिबवेवाडीतच एका पिठाच्या गिरणीवरच्या मजल्यावर भरायची. पाळक वगैरे कोणी नाही. तीन वडील, म्हणजे सभेची जबाबदारी असलेले तीन ज्येष्ठ पुरुष, आणि माझे सासरे त्यांतले एक. बायका डावीकडे, डोक्यावर पदर किंवा ओढणी घेऊन. बायकांनी सभेत बोलायचं नाही, फक्त गाताना आवाज काढायचा. गीत सुरू करण्याचं काम सासऱ्यांचं. ते उभे राहायचे, गीताचा क्रमांक सांगायचे, डोळे मिटायचे आणि पहिली ओळ घ्यायचे. मग सगळे.

पहिल्या रविवारी मी जरा तयारीनेच गेले होते. वाद्याशिवाय साठेक माणसं एकदम गाणार म्हटल्यावर काय ऐकावं लागेल याची मला कल्पना होती. आमच्या चर्चमध्ये ऑर्गन, पेटी आणि तबला असूनही लोक दुसऱ्या कडव्याला आपापल्या वाटेने जायचे. इथे सासऱ्यांनी पहिली ओळ घेतली आणि सगळी सभा तिच्यावर येऊन बसली. पाच कडव्यांचं गीत होतं, शेवटच्या कडव्यापर्यंत सूर जागचा हलला नाही. बायकांमधून एक म्हातारी तर वरची पट्टी इतकी स्वच्छ लावत होती की मी गायचं विसरले. घरी येऊन मी वडिलांना फोन केला. ते म्हणाले, शक्य नाही. मी म्हटलं, मी कानाने ऐकलं. ते पुन्हा म्हणाले, शक्य नाही, आणि जेवायला गेले.

गुरुवारी संध्याकाळी तिथेच प्रार्थनासभा असे. त्या सभेत मात्र गाणं बसत नसे. सासरेच ओळ घ्यायचे, लोकही बरेचसे तेच, पण तिसऱ्या कडव्याला सगळे खाली घसरलेले असायचे. सासरे म्हणायचे, लोक ऑफिसातून दमून येतात. मला ते पटलं होतं. मीही दमूनच जात होते.

पुढे एका रविवारी गिरणी बंद होती. गिरणीवाला मूळचा यवतमाळकडचा, बहिणीच्या लग्नाला गावी गेला होता. त्या दिवशी रविवारचं गाणं गुरुवारसारखं झालं. मी ओढणीखाली बसून विचार करत राहिले, आणि प्रवचन अर्ध्यावर आलं तेव्हा मला उमगलं. गुरुवारी आमच्याकडे वीज जायची, म्हणून गिरणीवाला सुट्टी घ्यायचा. रविवारी सकाळी अख्ख्या बिबवेवाडीचं दळण त्याच्याकडे यायचं आणि गिरणी सलग चालायची. तिच्या मोटरचा घूं असा आवाज भिंतींतून, फरशीतून, आमच्या सतरंज्यांमधून वर येत राहायचा. कुणाचं तिकडे लक्ष नसायचं. पुढच्या रविवारी मी तो आवाज मनात धरून घरी आले आणि पेटीवर शोधला. काळी चार आणि पांढरी पाच यांच्या मध्ये कुठेतरी होता. सासरे दर रविवारी त्यालाच पंचम धरून षड्ज लावत होते. कोणतंही वाद्य न मानणारी ही सभा वर्षानुवर्षं तानपुरा लावून गात होती, आणि त्या तानपुऱ्यावर ज्वारी दळली जात होती.

मी नवऱ्याला सांगितलं. त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "अगं, बाबांना हे कळता कामा नये." मी म्हटलं, त्यात त्यांचा काय दोष? तो म्हणाला, "दोषाचा प्रश्नच नाही. ते शिक्का द्यायचे नाहीत." तेवढ्यावर तो विषय आम्ही बंद केला. मी दर रविवारी जात राहिले आणि खरं सांगायचं तर मजेत गात राहिले. इतकी सुरेल मंडळी मला पुन्हा मिळाली नसती.

मग गिरणी गेली. लोक पिठाच्या पिशव्या आणायला लागले होते, गिरणीवाल्याच्या मुलाला नोकरी लागली, मग गिरणीवाल्याने यंत्र विकलं आणि तो गावी निघून गेला. खाली मोबाईलच्या कव्हरांचं दुकान आलं. दुकानदार शांत माणूस होता. दिवसभर खुर्चीत बसून असायचा.

पहिल्या रविवारी सासऱ्यांनी पहिली ओळ इतकी उंच घेतली की दुसऱ्या कडव्याला बायकांची बाजू मुकी झाली. पुढच्या खेपेला त्यांनी सावधपणे खालून घेतलं, तर पुरुषांचे नुसते ओठ हलत होते. मग कधी वर, कधी खाली. एकदा तर एकाच गीतात उजवी बाजू एका सुरात आणि डावी दुसऱ्या, आणि दोन्ही बाजूंना आपलंच बरोबर वाटत असल्याने कोणी मागे हटलं नाही. सासरे मधोमध उभे राहून डोळे मिटून गात होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

असं बरेच महिने चाललं. मग एका संध्याकाळी सभेतले दुसरे एक वडील आमच्याकडे चहाला आले. बँकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सभ्य गृहस्थ. त्यांनी आधी हवेबद्दल बोलून घेतलं, मग रस्ते खोदण्याबद्दल. मग म्हणाले, "आपण फार वर्षं सेवा केलीत. आता आपल्यालाही थोडी विश्रांती हवी, असं काही जणांना वाटतं."

"कोणाला?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही जणांना."

सासऱ्यांनी बिस्किटांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. दुसऱ्या दिवशी ते एकटेच कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटलं. कान ठीक आहेत म्हणजे आवाजच गेला, असा त्यांनी निष्कर्ष काढला.

त्यांनी काम सोडलं. बँकवाले वडील गीत सुरू करू लागले आणि परिस्थिती आणखी बिघडली, पण ते नवीन असल्याने कोणी काही म्हटलं नाही. सासरे शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसायला लागले. गाण्याच्या वेळी ते पुस्तक उघडं धरायचे, पानही उलटायचे, पण गायचे नाहीत. घरी दाढी करताना गुणगुणायची त्यांची सवय होती, तीही बंद झाली. सकाळी न्हाणीघरातून नुसता नळाचा आवाज यायचा. संध्याकाळी मी पेटी काढली की ते पेपर उचलून आतल्या खोलीत जायचे. नवरा म्हणायचा, वय झालंय, होईल सवय. वय त्यांचं मागच्या वर्षीही जवळपास तेवढंच होतं.

मला दोन्ही बाजूंनी अडचण होती. खरं सांगितलं असतं तर त्यांचा आवाज गेला नाही हे त्यांना कळलं असतं, आणि त्याचबरोबर आपण इतकी वर्षं आधार घेऊन गात होतो हेही. लपवलं तर त्यांचा नियम शाबूत राहत होता आणि ते भिंतीला टेकून बसून राहत होते. मी नवऱ्याला पुन्हा विचारलं नाही. तो काय म्हणेल ते मला माहीत होतं.

एका शनिवारी दुपारी नवरा बाहेर गेला होता. आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी लसूण सोलत बसलो होतो. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या आवाजाला काही झालेलं नाही. खालची गिरणी बंद झाली."

त्यांना कळलं नाही. मग मी सगळं सांगितलं, गुरुवारचं, गिरणीवाल्याच्या बहिणीच्या लग्नाचं, पेटीवर शोधलेल्या सुराचं. ते सोलत राहिले. माझं बोलणं संपल्यावरही सोलत राहिले. लसूण संपला तेव्हा त्यांनी सालं एका बाजूला केली.

"तुझी खात्री आहे?"

"हो."

"तपासलंस?"

"पेटीवर तपासलं."

"ते तू तपासलंस," ते म्हणाले. "मला तपासावं लागेल."

म्हणून आम्ही स्कूटरवरून चालती गिरणी शोधायला निघालो. आमच्या भागातल्या दोन बंद झालेल्या निघाल्या. तिसरी मार्केट यार्डाच्या अलीकडे एका बोळात सापडली, बऱ्यापैकी जुनी, मोटर तशीच घूं करणारी. समोर डबे घेऊन पाच-सात माणसं उभी होती. सासरे रांगेच्या कडेला जाऊन उभे राहिले आणि त्यांनी डोळे मिटले. गिरणीतल्या माणसाने पिठाने पांढरा झालेला हात हलवून विचारलं, "काका, दळण कुठंय?" मी म्हटलं, दळण नाही, ते ऐकायला आलेत. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पट्ट्याकडे वळला.

सासऱ्यांनी डोळे न उघडता विचारलं, "हाच?"

"जवळजवळ हाच."

त्यांनी गीताची पहिली ओळ घेतली. हळू आवाजात, पण पूर्ण. मग दुसरी. सूर जिथे बसायला हवा तिथे बसला आणि तिथेच राहिला, कित्येक महिन्यांनी मी तो त्यांच्या गळ्यातून ऐकत होते. एक कडवं संपवून ते दुसऱ्यावर गेले. रांगेतल्या एका बाईंनी डबा खाली ठेवला. तेवढ्यात गिरणीवाल्याने मोटर बंद केली, कुणाचं तरी दळण झालं होतं, आणि सासऱ्यांचा आवाज तिथल्या तिथे अर्धा सूर खाली सरकला. त्यांनाही ते ऐकू आलं. ते थांबले.

"फरक आहे," ते म्हणाले. पूर्वी काटा तपासून झाल्यावर ते असंच म्हणत असावेत.

 परत येताना सिग्नलला मी आरशातून पाहिलं तर चेहरा वाईट वाटण्यासारखा नव्हता. एखादं काम समोर आल्यासारखा होता.

रविवारी उपासना संपल्यावर त्यांनी वडील म्हणून बोलायची परवानगी मागितली आणि उभे राहून सगळं सांगितलं. सुनेने काय शोधलं ते सांगितलं, स्वतः जाऊन तपासल्याचंही सांगितलं.  मग बँकवाले वडील म्हणाले की गिरणी हे वाद्य नव्हे, ती आपल्यासाठी कोणी लावली नव्हती. मागून कोणीतरी म्हणालं, पंख्याचाही आवाज येतो, मग पंखाही बंद करायचा का? मे महिना होता. कुणी त्याला दुजोरा दिला नाही. एका तरुणाने सुचवलं की मोबाईलमध्ये तानपुरा मिळतो, फक्त सुरुवातीचा एक सूर कानाला लावून ऐकायचा, सभेला ऐकू येणारही नाही. एका वृद्ध सभासदांनी विचारलं, मग आजवर झालेल्या उपासनांचं काय?

सासरे म्हणाले, "झाल्या त्या देवाने ऐकल्या. त्याला खालची गिरणीही ऐकू येत असणार. त्याने काही म्हटलं नाही, तेव्हा तो विषय त्याचा आहे." मग म्हणाले, "पण आता मला माहीत झालंय. ज्याच्यावर मी रेलून उभा राहतो ते माझ्यासाठी वाद्यच. मोबाईल नको."

शेवटी असं ठरलं की जसं येईल तसं गायचं, आणि गीत पुन्हा सासऱ्यांनीच सुरू करायचं. बँकवाल्या वडिलांना त्याचा फार आनंद झाला. त्यांनी तो लपवायचा प्रयत्नही केला नाही.

त्याच संध्याकाळी मी पेटी काढली तेव्हा सासरे आतल्या खोलीत गेले नाहीत. खुर्ची पेटीजवळ आणून बसले आणि म्हणाले, "हा सूर माणसाला नुसता लक्षात ठेवता येतो का?"

मी म्हटलं, येतो, पण वेळ लागतो.

"मला वेळ आहे."

ते रोज ठरलेल्या वेळेला बसू लागले. विद्यार्थी म्हणून त्यांच्यात दोनच गुण होते, वक्तशीरपणा आणि चुकीची लाज नसणं. मी काळी एक दाबायचे, ते षड्ज लावायचे, मी बोट उचलायचे, ते धरून ठेवायचे. मग मी पुन्हा दाबून पाहायचे. पहिले कित्येक महिने दोन सूर भेटतच नव्हते. ते म्हणायचे, "किती?" मी म्हणायचे, थोडा चढला. ते मान हलवून पुन्हा घ्यायचे. रविवारी घरी सूर घेऊन तो तसाच सभेपर्यंत न्यायचा, असाही एक प्रयोग आम्ही केला. ते स्कूटरवर मागे बसून आ धरून ठेवायचे आणि मी शक्य तितकी सरळ चालवायचे. गळ्यातला सूर चौकातल्या पहिल्या बसच्या हॉर्नला बळी पडायचा. एकदा शेजारच्या रिक्षावाल्याने काळजीने विचारलं, आजोबांना दवाखान्यात नेताय का? प्रयोग बंद केला.

नवऱ्याला मी सांगितल्याचं आवडलं नव्हतं. पण एका सकाळी न्हाणीघरातून पुन्हा गुणगुणणं ऐकू आलं तेव्हा तो चहाचा कप हातात घेऊन बराच वेळ पॅसेजमध्ये उभा राहिला.  कंपनीची बस चुकली, आणि तो माझ्या स्कूटरवरून खराडीला आला.

दीडएक वर्षाने एका रविवारी सासऱ्यांनी ओळ घेतली आणि ती बरोबर होती. मला पेटीची गरज नव्हती, ओढणीखालीच कळलं. बायकांची बाजू शेवटच्या कडव्यापर्यंत टिकली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. गाणं नीट झालं की लोकांच्या लक्षात येत नाही, हा माझा कॅम्पापासूनचा अनुभव आहे. जिना उतरताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "तिसऱ्या कडव्याला जरा उतरलं का?" जरा उतरलं होतं. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "हं," आणि घरी येऊन जेवताना दोनदा वाढून घेतलं.

सूर पुढेही दर वेळी सापडतोच असं नाही. पाचांतल्या तीन-चार रविवारी सापडतो. राहिलेल्या रविवारी सभा चुकीच्या सुरात गाते, पण सगळे मिळून, कारण आता बाकीचेही शिकू लागलेत. आधी बँकवाले वडील आले, मग वरची पट्टी लावणाऱ्या म्हाताऱ्या बाई, मग हळूहळू इतके जण की शनिवारी संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये सतरंजी घालावी लागते. मी पेटीवर बसते. बायका बोलतात, पुरुषांच्या चुका काढतात, कारण ही सभा नाही.

ही सभा नाही हे सासरे दर शनिवारी सुरू होण्याआधी स्पष्ट करतात. गीतांचे शब्द म्हणायचे नाहीत, फक्त सारेगम. मागच्या आठवड्यात बँकवाले वडील षड्ज लावता लावता इतके रमले की त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले.

"डोळे उघडा," सासरे त्यांना म्हणाले. "इथे पेटी वाजतेय."

त्यांनी उघडले. मी पुढचा सूर दिला.